नवी घेतलेली शिडाची होडी किनाऱ्याकिनाऱ्याने घरी आणताना

व्यवहार पूर्ण होतो, किल्ल्या हातात येतात, आणि होडी उभी असते दीडशे सागरी मैलांवरच्या परक्या बंदरात. तिला आपल्या बंदरात कसं आणायचं, या विचारात बहुतेक जण पहिल्यांदा नकाशा उघडतात. मी सांगेन, नकाशा थोडा वेळ बाजूला ठेवा. होडी वीस वर्षं पाण्यात असेल, तुमच्यासाठी मात्र ती अनोळखी आहे. किती कलली की तिच्या डिझेलच्या नळीत हवा शिरते, रात्रभरात बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, किती पाणी जमतं, इंजिन ठणठणीत असताना कसं वाजतं, मुख्य शीड उतरवताना कुठे अडकतं, यातलं काही तुम्हाला ठाऊक नाही. प्रवासाची सगळी आखणी या अज्ञानावर बेतायची. वाटेत काहीतरी बिघडणार हे गृहीत धरायचं, आणि बिघडेल तेव्हा आपण आसऱ्यापासून लांब नसू अशा बेताने टप्पे पाडायचे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९९ साली प्रवास-आखणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात चार पायऱ्या आहेत: माहिती गोळा करणं, आखणी, अंमल आणि देखरेख. मोठ्या जहाजांसाठी लिहिलेली ही चौकट लहान होडीलाही उत्तम बसते. आपल्या बाबतीत मात्र तिच्याआधी आणखी एक पायरी येते, ती होडीशी ओळख करून घेण्याची. सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यावा लागतो.

आधी एक सरळ प्रश्न: समुद्रानेच आणायची का?

होडी दोन-तीन वर्षं जमिनीवर टेकून उभी असेल, डोलकाठीच्या तारा जुन्या असतील आणि इंजिनाचा इतिहास कोणालाच सांगता येत नसेल, तर ट्रेलरवरून आणण्याचा पर्याय मोकळ्या मनाने तपासा. सात-आठ मीटरपर्यंतच्या होडीला तो अनेकदा सोयीचा पडतो. अनुभवी स्किपरला सोबत घेणं हा दुसरा पर्याय. त्याच्यासोबत तुम्हीही होडीवर असायला हवं, कारण त्या दोन दिवसांत होडीबद्दल जे कळतं ते पुढे दोन वर्षांत कळत नाही.

कागदपत्रं आणि ते नारिंगी यंत्र

खरेदीखत, नोंदणी आणि रेडिओचा परवाना या गोष्टी निघण्याआधी तुमच्या नावावर झालेल्या असाव्यात. विमा कंपनीला लेखी विचारा: संरक्षण कोणत्या तारखेपासून लागू होतं, या संपूर्ण मार्गाला लागू आहे का, रात्री चालायला आणि किती माणसांनी चालायला त्यांची हरकत नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये ठरावीक पाण्याबाहेर गेलं की संरक्षण संपतं.

एक गोष्ट हमखास राहून जाते. होडीवर इपर्ब, म्हणजे बुडताना उपग्रहाला हाक देणारा बीकन असेल, तर त्याची नोंदणी जुन्या मालकाच्या नावावर असते. उद्या तुम्ही संकटात सापडलात, तर बचाव केंद्र फोन करणार त्याला, आणि तो सांगणार, "मी तर घरी आहे." ही नोंद लगेच बदलून घ्या. व्हीएचएफ रेडिओत भरलेल्या एमएमएसआय, म्हणजे होडीची ओळख सांगणाऱ्या क्रमांकाचीही तीच गत. बीकनच्या बॅटरीची मुदत बघा, शिवाय तो ४०६ मेगाहर्ट्झचाच आहे ना, तेही बघा. फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या जुन्या बीकनचे संदेश उपग्रह १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकतच नाहीत. असा बीकन भिंतीवर टांगलेला असला की माणूस निर्धास्त होतो, आणि तेच जास्त घातक.

होडीची तपासणी: दोन पूर्ण दिवस

सर्व्हेचा अहवाल हातात आहे, म्हणून होडी प्रवासाला तयार आहे असं समजू नका. सर्व्हेअर होडीची किंमत आणि अवस्था सांगतो. पुढचे तीस तास ती लाटांवर आपटत चालणार आहे, हे गृहीत धरून तपासायचं काम तुमचं.

सुरुवात तळापासून करा. होडी पाण्याबाहेर असेल तर कील (तळाखालचं जड पातं) आणि बुंधा (होडीचं धड) यांचा सांधा हात फिरवून बघा. तिथे भेग, गंजाचा ओघळ किंवा ताजी दुरुस्ती दिसली, तर कारण कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही होडी कधी रुतली होती का, हे जुन्या मालकाला थेट विचारा. २०१४ सालच्या मे महिन्यात 'चीकी राफिकी' नावाची चाळीस फुटी होडी अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली आणि चारही जण गेले. आधी झालेली रुतणी आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी सांधा कमकुवत झाला असावा, असं ब्रिटिश चौकशीत निघालं. वरवर ती होडी धडधाकट दिसत होती.

मग आत शिरा. बुंध्याला असलेलं प्रत्येक भोक शोधून कागदावर त्याची जागा लिहा. प्रत्येक सीकॉक, म्हणजे त्या भोकावरची तोटी, पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. जो फिरत नाही तो असून नसल्यासारखा. प्रत्येकाशेजारी त्याच मापाचा लाकडी बूच दोरीने बांधून ठेवा, कारण अंधारात, गुडघाभर पाण्यात तो शोधायला वेळ मिळत नाही. बिल्ज पुसून कोरडं करा आणि सकाळी पुन्हा बघा. पाणी आलं असेल तर चव घ्या. गोडं पाणी असेल तर टाकी गळते आहे, खारं असेल तर गळती समुद्राची आहे.

सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवा, किती ढिलं आहे ते लगेच कळतं. चाक असलेल्या होडीवर आणीबाणीचा दांडा असतो. तो नुसता सापडून भागत नाही, बसवून बघा. कुलपात, गाद्यांखाली, तिसऱ्याच खोक्यात निघणारा दांडा सुकाणूची तार तुटल्यावर काही कामाचा नसतो.

डोलकाठीच्या तारांवर डोळ्यांपेक्षा कागदी रुमाल जास्त भरवशाचा. खालपासून हात पोचेल तिथपर्यंत तारेवरून रुमाल फिरवा. एखादा बारीक तंतू तुटला असेल तर रुमालाचा धागा तिथे अडकतो. तुटके तंतू बहुतेकदा तार टोकाच्या नळीत शिरते तिथेच निघतात, म्हणून तिथे भिंग लावून बघा. टर्नबकलच्या, म्हणजे तार ताणायच्या स्क्रूच्या, प्रत्येक पिनेत स्प्लिट पिन आहे का, तिची टोकं वळवलेली आहेत का, हेही पाहा. ही चिमूटभर तारेची पिन पडली, की हादऱ्यांनी मोठी पिन हळूहळू सरकते आणि एका वळणावर अख्खी डोलकाठी खाली येते. तारा दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुन्या असतील आणि बदलल्याचा पुरावा नसेल, तर निघण्याआधी जाणकाराला काठीवर चढवा.

आता इंजिन. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण घरी आणताना अडकलेल्या होड्यांच्या ज्या गोष्टी मी ऐकल्या, त्यातल्या बहुतेकींचं मूळ डिझेलच्या टाकीत होतं.

होडी वर्षभर धक्क्याला उभी असते तेव्हा टाकीत ओल धरते. डिझेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळा बुळबुळीत गाळ तळाशी बसतो. धक्क्यावर इंजिन तासभर चालवलं तरी काही कळत नाही, कारण गाळ शांत असतो. बाहेर लाटा लागल्या की टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो. म्हणजे इंजिन बंद पडतं ते नेमकं लाटा असताना, बहुधा बंदराच्या तोंडाशी.

माझ्यावर हे गुदरलं आहे. बाहेर पडून वीस मिनिटं झाली होती, डाव्या हाताला लाटारोधक बांध, आणि तिरका येणारा फुगारा, म्हणजे दुरून येणाऱ्या लांब लाटा. इंजिनाचा आवाज आधी उतरला, मग चढला, पुन्हा उतरला, आणि एकदम शांतता झाली. त्या शांततेत बांधावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज फार जवळून येत होता. नांगर पुढच्या रोलरवर, दोरी सोडून तयार ठेवला होता, म्हणून आठ मीटर पाण्यात तो तीन मिनिटांत लागला. खाली जाऊन फिल्टरची काचेची वाटी उघडली, तर तळाला डांबरासारखा थर. फिल्टर बदलला, हवा काढली, इंजिन लागलं. त्या दिवशी हे काम आणखी दोनदा करावं लागलं. जवळ फिल्टर पाच होते, म्हणून पोचलो.

तेव्हा शक्य असेल तर टाकीच्या तळाचं डिझेल हातपंपाने काचेच्या बरणीत काढून तासभर ठेवा. गढूळ दिसलं किंवा खाली पाणी साचलं, तर टाकी साफ केल्याशिवाय निघायचं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या फिल्टरचे निदान चार-चार संच जवळ असू द्या. फिल्टर बदलल्यावर हवा काढण्याची कसरत धक्क्यावर स्वतःच्या हाताने करून बघा: स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून निखळ डिझेल आलं की आवळायचा. कोणता पाना लागतो ते कळलं की तो इंजिनाशेजारीच बांधून ठेवा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, वापराविना कडक होतो, तो नवीन घाला. जुन्याची पाती तुटलेली निघाली, तर तुकडे पुढच्या नळीत अडकलेले असतात, तेही शोधून काढा. आणि प्रत्येक वेळी इंजिन सुरू केल्यावर मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते पाहायचंच.

डिझेल किती लागेल हे काट्यावर विसंबून ठरवू नका. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या वेगाने दोन तास इंजिन चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. जेवढं गेलं त्याच्या निम्मं हा ताशी खप. टाकीतल्या डिझेलचे तीन भाग करायचे: एक भाग जायला, एक गरज पडल्यास परतायला, एक हात न लावायला.

नांगराची साखळी पूर्ण बाहेर काढून बघा. आतलं टोक होडीला बांधलेलं आहे ना? ते दोरीने बांधलेलं असावं आणि ती दोरी डेकपर्यंत यावी, म्हणजे प्रसंगी सुरीने कापता येते. नवीन मालकाच्या हातून सगळी साखळी सळसळत निघून तळाशी गेल्याचं मी पाहिलेलं आहे.

गॅसचा वास बिल्जमध्ये घ्या. हा वायू हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. लाइफजॅकेटं फुगवून रात्रभर ठेवा, त्यांचे छोटे सिलिंडर पिळून घट्ट करा, फ्लेअरची (संकटात पेटवायच्या दिव्यांची) मुदत बघा.

एक दिवस नुसता फिरण्यासाठी

सगळं तपासून झाल्यावर सामान न भरता चार-पाच तास बाहेर जाऊन या. या फेरीत शिडं वर करा आणि उतरवा. पहिला रीफ घ्या, म्हणजे शीड एक टप्पा आखडा, दुसरा घ्या, दोन्ही सोडा. शीड आखडायची वेळ येते तेव्हा अंधार असतो आणि हात ओले असतात, त्यामुळे कोणती दोरी कुठून येते हे आजच कळलं पाहिजे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, दहा नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वीस झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. मग नांगर टाका, उचला. इंजिन पूर्ण वेगाने वीस मिनिटं चालवा आणि तापमान बघा. होडी दोन्ही बाजूंना कलवून आत कुठे पाणी येतंय का ते पाहा. खिडक्यांच्या आणि डोलकाठीच्या सांध्यांवरच्या गळत्या अशाच सापडतात.

होकायंत्रही याच दिवशी तपासायचं. नकाशावर एका रेषेत दिसणाऱ्या दोन खुणा, समजा दीपगृह आणि मागचा बुरूज, एकामागे एक आल्या की नकाशावरची दिशा आणि होकायंत्राची दिशा ताडून बघा. चुंबकीय फरक वजा करून जो उरतो तो या होडीचा स्वतःचा दोष. जुन्या मालकाने जवळ बसवलेला स्पीकर किंवा कोणीतरी ठेवलेला मोबाईल तो दहा अंशांनीही वाढवू शकतो.

या फेरीत सापडलेल्या दोषांची यादी करा. सुटे भाग कुठले, हत्यारं कोणती, हे त्या यादीवरून ठरतं.

आता नकाशा: अंतर, वेग आणि वेळ

लहान होडीचा कमाल वेग तिच्या पाण्यात बुडलेल्या लांबीवर ठरतो. फुटांमधल्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणलं की नॉटमध्ये साधारण मर्यादा मिळते. पाण्यावरची लांबी २४ फूट असेल तर साडेसहा नॉट. हा आकडा आखणीत वापरायचा नाही. अनोळखी होडी, तळाला थोडं शेवाळ, नवखी माणसं, हे धरून साडेचार नॉटच धरा.

समजा एक टप्पा ३८ सागरी मैलांचा आहे. साडेचार नॉटने साडेआठ तास. पण वारा अगदी समोरून असेल तर होडी नागमोडी न्यावी लागते आणि अंतर जवळपास १.४ पट होतं. म्हणजे ५३ मैल, आणि वेळ जवळजवळ बारा तास. पहाटे साडेपाचला निघालात तर पहिल्या हिशोबाने दुपारी दोनला पोचता, दुसऱ्या हिशोबाने संध्याकाळी साडेपाचला. दोन्ही वेळा उजेड आहे का? असेल तर टप्पा योग्य. दुसऱ्या हिशोबात अंधार होत असेल तर टप्पा लांब आहे, तोडा.

पहिला टप्पा तर याहूनही आखूड ठेवा, पंधरा-वीस मैलांचा. दुरुस्तीची सोय असलेल्या बंदरात अर्ध्या दिवसात पोचता येईल, असाच तो असावा. होडीची खरी दुखणी पहिल्या सहा तासांत वर येतात.

वेळापत्रकाबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. 'सोमवारी कामावर हजर व्हायचंय' या एका वाक्याने जितक्या होड्या वाईट हवेत बाहेर पडल्या, तितक्या हवामानाच्या चुकीच्या अंदाजाने पडल्या नसतील. तीन दिवसांच्या प्रवासाला सात दिवस राखा. तेवढेही नसतील तर मधल्या एखाद्या बंदरात होडी आठ दिवस ठेवायची सोय आधीच फोनवर विचारून घ्या. परतीच्या बसची वेळ माहीत असली, की होडी मागे ठेवून जाण्याचा निर्णय सोपा होतो.

भरती-ओहोटी

उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठं असतं, भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास. प्रवाह जिथे जोरदार आहेत अशा भूशिरांना आणि खाडीच्या तोंडांना भांगाच्या दिवसांत ओलांडता आलं तर निम्मं ओझं उतरतं. साडेचार नॉटच्या होडीला दोन नॉटचा प्रवाह मिळाला तर ती जमिनीवरून साडेसहाने चालते, विरुद्ध असला तर अडीचने. त्यामुळे आधी भूशिरापाशी प्रवाह कधी वळतो ते काढायचं, मग तिथून उलट मोजत निघण्याची वेळ ठरवायची.

प्रवाह एकीकडे आणि वारा त्याच्या विरुद्ध, अशी गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तोच वारा प्रवाहाच्या दिशेने असताना समुद्र कितीतरी शांत असतो. तासभर थांबल्याने चित्र पालटतं.

पाण्याची उंची काढायला बाराव्या भागाचा नियम पुरतो: ओहोटी आणि भरती यांतल्या फरकाचे बारा भाग धरले, तर सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं. एक हिशोब करून बघू. ओहोटीला ०.६ मीटर, भरतीला ४.२ मीटर, फरक ३.६, म्हणजे एक भाग ०.३ मीटर. बंदराच्या तोंडाशी नकाशातली खोली ०.९ मीटर आहे, होडीला १.८ मीटर पाणी लागतं आणि खाली एक मीटर राखायचा आहे. म्हणजे १.९ मीटर भरती हवी. पहिल्या तासानंतर ०.९, दुसऱ्यानंतर १.५, तिसऱ्यानंतर २.४. ओहोटीनंतर सुमारे अडीच तासांनी वाट मोकळी होते. हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त असेल तर आणखी थांबा, कारण दर हेक्टोपास्कलमागे पाणी साधारण एक सेंटीमीटर खाली दबतं.

वाळूचा दांडा असलेल्या तोंडातून मात्र समुद्राकडून फुगारा येत असताना आणि ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना आत शिरू नये, खोली कितीही पुरेशी असो.

रेषा आखणं

आधी सगळा मार्ग मोठ्या कागदी नकाशावर किंवा मोठ्या पडद्यावर, भरपूर जवळून, एकेक मैल सरकत बघा. इलेक्ट्रॉनिक नकाशा दुरून पाहिला की खडक आणि उथळ जागा दाखवतच नाही. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो ओशन रेसमधली एक होडी हिंदी महासागरातल्या कार्गाडोस काराजोस या प्रवाळबेटांवर रात्री आदळली. जगातले निष्णात दर्यावर्दी तिच्यावर होते. नकाशा पुरेसा जवळून पाहिला गेला नव्हता. सुदैवाने सगळे वाचले.

किनाऱ्यापासून किती अंतर राखायचं याचं माझं गणित असं: इंजिन बंद पडलं आणि वारा किनाऱ्याकडे ढकलत असला, तरी दुरुस्तीला एक तास मिळाला पाहिजे. त्यासाठी अनोळखी होडीने निदान दोन-तीन मैल बाहेरून जावं. वळणाचे बिंदू बोयावर (पाण्यातल्या तरंगत्या खुणेवर) ठेवू नका, शेजारी ठेवा. सगळ्यांचे बिंदू तिथेच असतात आणि स्वयंचलित सुकाणू होडीला थेट बोयावर नेतो. धोक्याच्या प्रत्येक जागेसाठी एक सीमारेषा काढा: 'दीपगृहाची दिशा ०४० अंशांपेक्षा कमी होता कामा नये' अशी साधी. जीपीएस बंद पडला तरी ती हातातल्या होकायंत्रावर तपासता येते.

जहाजांचा मार्ग ओलांडायचा असेल तर होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, शक्य तितकी काटकोनात ठेवा. १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार अरुंद वाटेत शिडाच्या होडीनेही मोठ्या जहाजाची अडवणूक करायची नाही. इंजिन चालू असेल तर शिडं वर असली तरी नियमांच्या लेखी तुम्ही इंजिनाची होडी ठरता.

आसऱ्याच्या जागा आणि निर्णयाचे बिंदू

प्रत्येक टप्प्यावर दर दहा-बारा मैलांमागे एक आसरा शोधा आणि त्याच्यापुढे लिहा: कोणत्या वाऱ्यात आत जाता येतं, कोणत्या भरतीला, रात्री शक्य आहे का. 'नकाशावर बंदर आहे' एवढं पुरेसं नाही. पश्चिमेकडे तोंड असलेलं बंदर पश्चिमेच्या वाऱ्यात आसरा राहत नाही.

मग निर्णयाचे बिंदू ठरवा आणि ते वेळेसकट वहीत लिहा. उदाहरणार्थ: "दहा वाजेपर्यंत दीपगृह मागे पडलं नाही, तर डावीकडच्या खाडीत." "वारा सलग वीस मिनिटं २० नॉटवर राहिला, तर परत." घरी, शांत डोक्याने लिहिलेलं हे वाक्य समुद्रात थकलेल्या माणसाचं ओझं उचलतं. मळमळत असताना, भिजलेलं असताना 'आता थोडंच राहिलं' असं वाटतंच.

हवामान

अंदाजात सांगतात तो वारा सरासरी असतो. झोत त्याच्या दीडपटीच्या जवळ जाऊ शकतात. लाटेची उंची सांगतात तीही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी, एखादी लाट दुपटीच्या आसपास येते. अनोळखी होडीसाठी माझी मर्यादा वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर ४, म्हणजे १६ नॉटपर्यंत, तीही वारा समोरून नसताना. तीन दिवस आधीपासून रोज अंदाज बघा. तो रोज बदलत असेल तर हवा अस्थिर आहे असं समजा.

दुपारी खारे वारे जोर धरतात, पहाटे मतलई वारे जमिनीकडून येतात आणि किनाऱ्यालगत पाणी सपाट असतं. म्हणून पहाटे निघून दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त अंतर कापलेलं बरं.

माणसं

तीन जण उत्तम. त्यातल्या निदान दोघांना तुमच्याशिवाय होडी बंदरात नेता आली पाहिजे. निघण्याआधी प्रत्येकाला रेडिओवर संकटात हाक देण्याचा चॅनल १६ आणि लाल बटण दाखवा: झाकण उघडून बटण दाबून धरायचं, मग तोंडी हाक द्यायची. माणूस पाण्यात पडला तर कोण बोट दाखवत राहणार, कोण सुकाणूवर जाणार, हे नावानिशी ठरवा. मळमळीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते, उलटी झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. आठ तासांहून लांब टप्पा असेल तर पहिल्या तासापासूनच तीन-तीन तासांचे पहारे लावा, कोणी थकलं नसलं तरी. १८ नॉटने येणारं जहाज सहा मैलांवर दिसलं तर वीस मिनिटांत डोक्यावर असतं.

निघाल्यावर

किनाऱ्यावरच्या एका विश्वासू माणसाकडे मार्ग, माणसांची नावं, होडीचा फोटो, पोचण्याची अपेक्षित वेळ आणि 'या वेळेपर्यंत फोन आला नाही तर बचाव केंद्राला कळव' अशी दुसरी वेळ लिहून द्या.

दर तासाला वहीत जागा, वेग, दिशा, हवेचा दाब, इंजिनाचं तापमान आणि बिल्जच्या पंपाचे फटके लिहा. पंपाला गेल्या तासाला दहा फटके, आता पंचवीस: हा बदल वहीतच दिसतो. नांगर बंदराबाहेर पडेपर्यंत तयार ठेवा, आणि पुढच्या बंदराच्या दोन मैल आधी पुन्हा तयार करा.

ओळखीच्या बंदराच्या तोंडाशी विशेष सावध राहा. तिथलं पाणी तुमच्या परिचयाचं आहे, पण या होडीला तुमच्या जुन्या होडीपेक्षा जास्त पाणी लागत असेल, ती उलट्या वेगात दुसऱ्याच बाजूला वळत असेल. बाहेरच थांबून दोन-तीनदा पुढे-मागे घेऊन बघा, दोऱ्या आणि फेंडर (धक्का सोसणाऱ्या उशा) दोन्ही बाजूंना बांधा, मग आत या.

दोऱ्या बांधून झाल्या, इंजिन बंद केलं, की सीकॉक फिरवा, बिल्ज बघा, फिल्टरची वाटी उजेडात धरा. आणि किनाऱ्यावरच्या त्या माणसाला फोन करा, आंघोळीच्या आधी. तो घड्याळाकडे बघत बसलेला असतो.